मैदानावरचा बेवारस डबा

पौषातल्या एका बुधवारी सकाळी माझा थोरला भाऊ दामोदर याने शिकाऊ विमान मैदानावर जोरात उतरवले. विमान उसळले, पुन्हा टेकले, थोडे तिरके धावले आणि थांबले. विमानात तो एकटा होता. त्याला म्हणण्यासारखी इजा झाली नाही. विमानाचे नुकसान झाल्याचे बाहेरून दिसत नव्हते. घटना कोणी पाहिली नाही आणि दामोदरने ती मैदानावर कोणाला सांगितली नाही.

त्या वर्षी मी नागपुरातल्या एका मराठी दैनिकात उमेदवारी करत होतो. माझ्याकडे किरकोळ अपघातांचे सदर होते. बैलबंडी उलटली, भिंत पडली, सायकलस्वार गटारात गेला, अशा बातम्या मी गोळा करायच्या आणि प्रत्येकी तीन ओळींत बसवायच्या. आमचे संपादक मितभाषी होते. त्यांचा दंडक असा: पहिल्या ओळीत काय झाले आणि केव्हा झाले, दुसरीत कोणाला लागले, तिसरीत आता काय स्थिती आहे. चौथी ओळ लिहिली तर ते वाचण्याआधीच खोडत. विमानाचे अपघात माझ्याकडे आले ते केवळ दामोदर, माझा दादा, मैदानावर विमान शिकत होता म्हणून. कार्यालयातल्या बाकीच्यांना मैदानापर्यंत सायकल मारायची हौस नव्हती.

गावाबाहेर तेव्हा एक फ्लाइंग क्लब होता. आता तो नाही. एक पत्र्याची शेड, एक व्हरांडा, कापड ताणलेल्या लाकडी सांगाड्याची दोन विमाने आणि शिकवणारे कॅप्टन मेहेरजी, एवढाच त्याचा पसारा. कॅप्टन पारशी होते, हिंदी बोलत आणि रागावले की अधिक हळू बोलत. त्यांनी क्लबात एक रिवाज पाडला होता. ज्याच्या हातून विमानाला धक्का लागला, मग तो पंखाच्या टोकाचा असो की शेपटीखालच्या पट्टीचा, त्याने दुसऱ्या सकाळी घरून सगळ्यांसाठी खाण्याचा डबा आणायचा. डबा व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवायचा आणि सगळ्यांसमोर उभे राहून काय झाले ते आपल्या तोंडाने सांगायचे. सांगून होईपर्यंत झाकण उघडायचे नाही, कोणी हसायचे नाही आणि एकही विमान शेडसमोरून हलवायचे नाही. सांगून झाले की सगळ्यांनी खायचे, मिस्त्री आणि चौकीदारासकट. त्यानंतर त्या अपघाताबद्दल कोणी अवाक्षर काढायचे नाही. नुसता जोराचा धक्का बसला आणि काही मोडले नाही, तरी नियम तोच. सरकारी कागद होते, ते कॅप्टन नंतर भरत. त्यांचे म्हणणे असे की कागदावर माणूस खोटे लिहितो, भरल्या डब्यासमोर खोटे बोलत नाही.

आमचे घर इतवारीच्या बाजारात होते. खाली कापडाचे दुकान, वर आम्ही. पुढच्या गल्लीत भांड्यांची दुकाने होती, त्यामुळे पहाट झाली हे आम्हाला उजेडावरून कळण्याआधी पितळेवर पडणाऱ्या हातोड्यांवरून कळे. हातगाड्या सुरू झाल्या की एकमेकांशी ओरडून बोलावे लागे, आणि रात्री त्या थांबल्या तरी आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. अपवाद वहिनीचा. आईवडील आम्ही लहान असतानाच गेले. आम्हा दोघा भावांना काकाजींनी वाढवले. काकाजी विधुर, दादाची बायको ही घरातली एकटी बाई. सासऱ्यासमोर सुनेने थेट बोलायचे नाही ही आमच्याकडची रीत. काकाजी चुलत सासरे होते, पण रीत तीच. त्यामुळे दोघे एकाच खोलीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर असले तरी मला मध्ये उभे करून बोलत. दोघांनाही सगळे ऐकू येत असे. तरी मी तेच वाक्य पुन्हा म्हणावे अशी दोघांची अपेक्षा असे, आणि मी शब्द बदलला तर दोघे मिळून मला टोकत. संपादकांकडे जाण्याआधीचे माझे शिक्षण एवढेच.

दादाने विमान शिकावे ही मागणीसुद्धा वहिनीनेच माझ्यामार्फत केली होती. काकाजींनी पान लावता लावता ऐकले आणि अट घातली. "सांग तिले, दोनदा मोडलं तं मी समजून घेईन. मानूस शिकते तं मोडते. तिसऱ्यांदा मोडलं तं विमान बंद, दुकानाच्या गादीवर येऊन बसायचं. मंग रडायचं नाई." मी ते सांगितले. वहिनी म्हणाली, "सांगा भाऊजी, कबूल हाये."

दिवाळीच्या आत दोन झाले. पहिल्यांदा पंखाचे टोक कुंपणाच्या खांबाला लागले, दुसऱ्यांदा शेपटीखालची पट्टी बांधावर तुटली. दोन्ही वेळा वहिनीने सांबारवडी केली. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. ती चिरून, खसखस, तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतायची, बेसनाच्या पातळ पोळीत पुड्यासारखी बांधायची आणि तळायची. सोबत कढी. वडी मैदानावर इतकी गाजली की दादाचे काही दिवस सरळ गेले तर क्लबातली पोरे अस्वस्थ होत. "दामू, काहीतरी तोड ना गा, लय दिवस झाले," असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. घरी मात्र मोठी कढई अंगणात निघाली की काकाजींना वेगळे काही सांगावे लागत नसे. ते दुपारी जेवायला वर येत, ताटातली वडी मोडत आणि विचारत, "आज काय मोडलं?" दादा सांगे. काकाजी ऐकून घेत आणि आणखी एक वडी घेत.

त्या बुधवारी दुपारी दादाने ठेच्याला हात लावला नाही. भाकरी तो ताकात कुस्करून गिळत होता. वहिनी वाढता वाढता थांबली. काकाजी अजून दुकानात होते.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"काहून?"

"उघडा तं."

दादाने उघडले नाही, पण बोलताना दिसायचे ते दिसले. जीभ एका बाजूने चावली गेली होती.

"काय मोडलं?"

"काई नाई मोडलं. चाकं गोल हायेत, त्याइचे पाय सरळ हायेत. पाहिलं ना म्या खाली वाकून."

"मंग जीभ काहून चावली?"

 मग त्याने सांगितले. वारा पडला होता, अंदाज चुकला, विमान धाडकन खाली आले. कॅप्टन त्या वेळी शेडच्या मागे होते. मिस्त्री चहाला गेला होता.

"सांगतलं नाई," वहिनी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"सांगतलं की तिसरं. तिसरं झालं की गादी. परीक्षेले दीड महिना राहिला वं. काई मोडलं नाई तं काय सांगू?"

"उद्या त्या विमानात कोन हाये?"

दादाने भाकरीचा तुकडा ताकात बुडवला. "हबीब," तो म्हणाला.

हबीब कामठीचा. बाप विणकर, घरात हातमाग. तो आमच्या घरी अनेकदा जेवला होता. वहिनीला तो भाभी म्हणे आणि सांबारवडीचा हिशेब ठेवत असे. गुरुवारी सकाळी त्याचे पहिले एकट्याचे उड्डाण होते. आदल्या आठवड्यात तो स्वतः येऊन सांगून गेला होता की त्याची आई बघायला येणार आहे, पण विमान वर असेपर्यंत डोळे मिटून घेणार आहे.

वहिनीने त्याच्यापुढचा ठेचा उचलून नेला. संध्याकाळी तिने मला बाजारातून सांबार आणायला पाठवले. मी किती आणू विचारले, तर म्हणाली, "नेहमीइतका." वडीला लागतो तितका सांबार आणणे म्हणजे दोन्ही हातांत जुड्या धरून गल्लीतून येणे. दादा ओट्यावर बसला होता. त्याने जुड्या पाहिल्या आणि सायकलची साखळी पुसायला घेतली. ती साखळी स्वच्छ होती.

गुरुवारी पहाटे हातोडे सुरू व्हायच्या आत कढई अंगणात होती. दादा उठला, कढईजवळून गेला, तोंड धुतले आणि सायकल काढली. वहिनीने वर पाहिले नाही. हबीबने त्याला सूर्य उगवायच्या आत ये म्हणून सांगितले होते. दादा चहा न घेता गेला.

मग काकाजी खाली आले. आंघोळीचा तांब्या हातात होता. ते कढईपाशी थांबले आणि त्यांनी मला हाक मारली.

"विचार गा तिले, हे कोनासाठी?"

"सांगा भाऊजी, मैदानासाठी."

"मंग तिसरं झालं म्हना."

वहिनीने एक वडी उलटली. "सांगा भाऊजी, अजून मैदानावर कोनी बोललं नाई. बोललं की झालं."

काकाजींनी तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तिले म्हनाव, तुया हातानं तुया नवऱ्याले गादीवर आनून बसवून राहिली तू. चालन का?"

मी ते सांगितले. मला ते सांगायचे नव्हते. वहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सांगा, नवरा गादीवर बसलेला चालन. हबीबच्या मायपुढं उभं राहनं नाई चालनार."

काकाजी मोरीकडे गेले. मी ते वाक्य त्यांच्या पाठीला सांगितले, कारण रीत तशी होती.

डबा पितळी होता, वर पांढरे फडके बांधलेले. कढी वेगळ्या भांड्यात. टांग्यात वहिनी पदर ओढून मागे बसली आणि मी डबा मांडीवर धरला. रस्त्यात ती एकदाच बोलली. मी विचारले होते की डबा कोणाचा म्हणून सांगू. "तुमी काही नका सांगू. मीबी नाई सांगत. डबा ठेवनं आपलं काम. बोलनं त्याइचं."

"आणि नाही बोलला तर?"

तिने कढीच्या भांड्याचे झाकण दाबून बसवले.

आम्ही पोचलो तेव्हा सगळे जण विमान शेडबाहेर ढकलत होते. मी मागच्या बाजूने व्हरांड्यात गेलो, डबा आणि कढीचे भांडे टेबलावर ठेवले आणि कुंपणालगत उभ्या केलेल्या टांग्यात येऊन बसलो. तिथून व्हरांडा दिसत होता आणि आवाज येत होता. कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला बुरखा घेतलेली एक बाई उभी होती. ती हबीबची आई असावी असे मी तेव्हा धरले. नंतर खात्री झाली.

डबा प्रथम मिस्त्रीला दिसला. त्याने चाकांखालून काढायला घेतलेले लाकडी ठोकळे पुन्हा चाकांखाली सरकवले आणि कॅप्टनना हाक मारली. सगळे व्हरांड्यात जमले. कॅप्टन मेहेरजी डब्याभोवती एक फेरी मारून आले.

"किसका है?" ते म्हणाले.

 दादा खांबाला टेकून उभा होता.

"डब्बा चलके तो नहीं आया. किसका है?"

यानंतर जे झाले ते मी आजवर अनेकांना सांगितले आहे आणि बहुतेकांनी ते मी रचले असे मानले आहे. मनोहर नावाचा एक विद्यार्थी पुढे आला. तो महाल भागातल्या एका वकिलाचा मुलगा. तो म्हणाला की मागच्या सोमवारी उतरताना त्याने एक बकरी उडवली होती. बकरी उठून पळाली, डाव्या पंखाखालचे कापड थोडे फाटले, ते त्याने आतून डिंकाने चिकटवले. ही गोष्ट त्याने घरी फक्त बहिणीला सांगितली होती. डबा तिनेच आईला सांगून पाठवला असणार.

कॅप्टननी मान हलवली. मनोहरने डब्याच्या फडक्याला हात घातला.

"थांब गा," मागून कोणीतरी म्हणाले. तो लकडगंजचा गणपत होता, लाकडाच्या वखारीवाल्याचा भाऊ. "तो डबा माया हाये." त्याने सांगितले की परवा तो वाट चुकून एका नांगरलेल्या शेतात उतरला होता आणि शेतकऱ्याला शेपटी धरायला लावून पुन्हा उडाला होता. शेतकरी इतवारीत धान्य विकायला येतो, त्याने भावाला सांगितले असणार, आणि भावाने डबा धाडला असणार. भाऊ असा चोरून डबा धाडणाऱ्यातलाच आहे.

कॅप्टननी आधी मनोहरकडे, मग गणपतकडे पाहिले. "एक डब्बा," ते अतिशय हळू म्हणाले, "और दो आदमी." नियमाप्रमाणे कोणी हसले नाही. त्यांनी मिस्त्रीला पंखाखालचे कापड आणि शेपटी पाहायला सांगितले. बकरी आणि शेत ही दोन्ही प्रकरणे दुसऱ्या विमानाची निघाली. ते बाजूला घेतले गेले. "ठीक है. बात हो गई. हबीब, तू जा. नाश्ता आके करना. अम्मी खड़ी है तेरी."

हबीबने टोपी घातली, पट्टा हनुवटीखाली बांधला आणि तो विमानाकडे चालू लागला. मिस्त्री पुढे होऊन विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवायला उभा राहिला. वहिनीने टांग्याची दांडी धरली होती. ती धरल्याचे तिला नंतर आठवत नव्हते.

हबीबने एक पाय विमानाच्या पायरीवर ठेवला तेव्हा दादा खांबापासून सुटला.

"कॅप्टनसाहेब, डबा आमच्या घरचा हाये," तो म्हणाला. आवाज मोठा होता, आमच्या घरातला असतो तसा. "काल सकाळी मी हे विमान आपटलं. जोरात. उसळलं, तिरकं पळालं. मी खाली पाहिलं, काई दिसलं नाई. तुमाले सांगतलं नाई. हबीब, खाली ये."

हबीब खाली आला. मिस्त्री चाकांमध्ये उताणा झोपला आणि त्याने उजव्या चाकाच्या पायावरचे आवरण सोडले. मग त्याने कॅप्टनना बोलावले. कॅप्टन गुडघ्यावर बसून आत पाहून आले आणि त्यांनी दादाला पाहायला लावले. पाय जिथे पोटाला जोडला होता तिथला लोखंडी तुकडा चिरला होता. चीर नखाएवढी होती. कॅप्टन म्हणाले की हे आणखी एकदा टेकले असते तर पाय दुमडला असता आणि विमान नाकावर उलटले असते. हे त्यांनी सर्वांना सांगितले नाही. फक्त दादाला आणि हबीबला सांगितले.

मग झाकण उघडले. हबीबने पहिली वडी घेतली. "दामूभाई, मेरी उड़ान खा गए आप," तो तोंड भरलेले असताना म्हणाला. "लाओ, दो और दो." नंतर तो एका कागदावर चार वड्या घेऊन कुंपणाकडे आईला द्यायला गेला. येताना तो टांग्यापाशी थांबला. "सलाम, भाभी," एवढेच म्हणाला आणि खाली पाहत उभा राहिला. वहिनीने त्याला कढी राहिली का विचारले.

दुपारी काकाजी जेवायला वर आले. ताटात वडी होती. त्यांनी ती मोडली.

"आज काय मोडलं?"

दादाने सांगितले. काहीही गाळले नाही, बकरीसुद्धा. काकाजींनी वडी संपवली आणि हात धुतले. "उद्यापासून गादीवर," ते म्हणाले. वहिनी ताटे उचलत होती. तिने मला काही सांगायला सांगितले नाही.

मी त्या दिवशी तीन ओळी लिहिल्या. शिकाऊ विमानांच्या तीन किरकोळ अपघातांची माहिती काल सकाळी मैदानावर देण्यात आली. कोणासही इजा नाही. दोन्ही विमानांची दुरुस्ती चालू आहे. संपादकांनी विचारले की एकाच सकाळी तीन कसे. मी म्हणालो, झाले वेगवेगळ्या दिवशी, सांगितले एकाच सकाळी. त्यांनी बातमी तशीच जाऊ दिली. शुक्रवारी काकाजींनी दुकानात नेहमीप्रमाणे अंक मोठ्याने वाचला. ही बातमी त्यांनी बाजारभावांच्या आवाजात वाचली आणि पान उलटले. दादा शेजारी गादीवर बसून खण घडी करत होता. तो घडी वाईट करत असे. गिऱ्हाईक गेले की काकाजी त्या मोडून पुन्हा करत.

असे काही आठवडे गेले. आता माझ्या खिडकीवरून रोज मोठी विमाने उतरायला जातात आणि त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. तेव्हा इतवारीवरून ते छोटे विमान गेले की गल्ली थांबत असे. दादा थांबत नसे. तो गजाने कापड मोजत राही. मापही चुके.

माघात हबीबचे बाप, करीमभाई, दुकानात आले. ते याआधी कधी आले नव्हते. गादीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "एक लुगड़ा दिखाना, सेठजी."

काकाजींनी त्यांच्याकडे पाहिले. "तुमच्या घरी माग चालते, करीमभाई. कामठीचं लुगडं आमी तुमच्याकडून घेतो."

"चलते हैं. फिर भी दिखाओ."

दादाने लुगडी पसरली. करीमभाईंनी एकेकाचा काठ बोटांत धरून पाहिला. विणकराने पाहावा तसा, म्हणजे उलट बाजूने. त्यांतली दोन त्यांच्याच मागावरची होती. त्यांतलेच एक त्यांनी निवडले.

"लड़का परसों अकेला उड़ा," ते म्हणाले. "उसकी माँ नीचे खड़ी थी. बोलती थी आँख बंद रखेगी. खुली रखी." मग लुगड्याची घडी सारखी करत, "आपका लड़का आजकल कहाँ बैठता है?"

"हा काय. तुमच्या पुढं बसला हाये."

"हाँ," करीमभाई म्हणाले. "वही पूछ रहा हूँ."

त्यांनी लुगडे काखेत धरले, दादाला सलाम केला आणि ते गेले.

त्या संध्याकाळी काकाजी वर आले आणि बराच वेळ अडकित्ता शोधत राहिले. अडकित्ता त्यांच्या हातात होता. शेवटी त्यांनी मला बोलावले. वहिनी चुलीपाशी होती, दादा दारात.

"विचार गा तिले, परीक्षा कधी हाये?"

"सांगा भाऊजी, फाल्गुनात."

"मंग तिले म्हनाव, त्याले सांग. सकाळी सायकलीत हवा भरून घे. चाक बसलं हाये."

मी वहिनीला सांगितले. वहिनीने दादाला सांगितले. दादा दारातच उभा होता.

परीक्षा फाल्गुनात झाली. परीक्षक बाहेरून आले होते. दादा उत्तीर्ण झाला आणि त्याच आठवड्यात परवान्यावर सही झाली. परीक्षेच्या सकाळी काकाजी मैदानावर येऊन गेले की नाही याबद्दल घरात दोन मते राहिली. त्यांनी स्वतः विचारू दिले नाही. आमचे दुकान त्या दिवशी दुपारपर्यंत बंद होते. पुढच्या गल्लीतल्या भांडेवाल्याने मला तसे सांगितले आणि त्याच्या शेजाऱ्याने दुजोरा दिला.